शब्दचर्चा : सावकाराला 'शायलॉक' म्हणावं का?

प्रश्न

खासगी सावकारीवरच्या एका लेखाचं मुद्रितशोधन करतोय. लेखकानं मथळा दिलाय, 'शेतकऱ्यांच्या मानगुटीवर बसलेले शायलॉक'. मी 'शायलॉक' खोडून 'सावकार' केलं, त्यांनी ते परत होतं तसं केलं. त्यांचं म्हणणं असं की 'सावकार' हा शब्द मुळात आदराचा, त्यात तो विखार येत नाही. शिवाय 'शायलॉक' मराठीत रुळलाय, सगळ्यांना कळतो.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या शब्दाचा नेमका अर्थ काय? तो वापरल्यानं कुणाला लागू शकतं का? आणि ज्यू म्हणजे पैसा, व्याज, कंजुषी ही सांगड मुळात बसली कुठे? शाळेत शेक्सपियरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकाचा संक्षेप वाचला तेव्हा हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

उत्तर

आधी एक गोंधळ दूर करू. नाटकाच्या नावातला 'मर्चंट' शायलॉक नाही. तो व्यापारी म्हणजे अँटोनियो. शायलॉक हा त्याला कर्ज देणारा ज्यू, कर्ज फिटलं नाही म्हणून त्याच्या अंगचं पौंडभर मांस मागणारा. हा गोंधळ जुनाच आहे, कारण १५९८ साली लंडनच्या मुद्रकांच्या नोंदवहीत हे नाटक चढवलं गेलं तेव्हाच त्याला 'किंवा द ज्यू ऑफ व्हेनिस' असं पर्यायी नाव लावलेलं होतं. इंग्रजीत पुढे 'शायलॉक' हे सामान्यनाम झालं, अर्थ 'निर्दयपणे व्याज वसूल करणारा'. मराठीत तो तिथूनच, कॉलेजातल्या इंग्रजीच्या तासातून आला. आज बरेच इंग्रजी कोश त्यापुढे 'अपमानकारक' अशी खूण करतात. २०१४ साली अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जो बायडन यांनी एका भाषणात सैनिकांना वाईट अटींवर कर्ज देणाऱ्यांना 'शायलॉक' म्हटलं आणि टीका झाल्यावर शब्दाची निवड चुकल्याचं मान्य केलं. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो, लागू शकतं' असं आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे. ते नीट द्यायला हवं, कारण 'ज्यू लोकांना पैशाचं प्रेम, म्हणून ते सावकार झाले' असा क्रम लोकांच्या डोक्यात बसलेला असतो. प्रत्यक्षात आधी दारं बंद झाली, मग सावकारीचं एक दार उघडं ठेवलं गेलं, आणि त्या दारातून आत गेलेल्यांनाच पुढे दोष दिला गेला.

व्याजाबद्दलची चीड दोन्ही धर्मांत होती. ज्यूंच्या 'तोरा' या धर्मग्रंथात व्याजासाठी 'नेशेख' हा शब्द येतो. तो ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ 'चावणे'. आपल्या माणसाकडून असं चावून घेऊ नकोस, परक्याकडून घेतलंस तर चालेल, अशी आज्ञा त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे. (आपला 'व्याज' तरी कुठे सोज्वळ आहे? संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. 'व्याजस्तुती'मध्ये तोच जुना अर्थ टिकून आहे.) ख्रिस्ती चर्चही हीच वचनं मानत होतं. ११७९ साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेनं उघड व्याज खाणाऱ्या ख्रिस्ती माणसाला धर्मविधी आणि ख्रिस्ती दफन नाकारलं. म्हणजे आपल्या धर्मातल्या माणसानं व्याज घ्यायचं नाही. पण युरोपात शहरं वाढत होती, कॅथीड्रलं बांधली जात होती, क्रूसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या, स्वाऱ्या निघत होत्या. या सगळ्याला रोख पैसा लागत होता.

दुसरीकडे ज्यूंना जमीन धरणं अवघड, कारण सरंजामी जमिनीला ख्रिस्ती शपथ लागायची. कारागिरांच्या संघांचे स्वतःचे संरक्षक संत असायचे, त्यांच्या मिरवणुका असायच्या, त्यात ज्यूला शिरकाव नाही. राहता राहिला व्यापार, आणि ज्या कामाला ख्रिस्ती माणसानं हात लावू नये असं ठरलं होतं ते, म्हणजे व्याजानं पैसे देणं.

इंग्लंडचं उदाहरण थोडं तपशिलात सांगतो, कारण तिथल्या नोंदी चांगल्या उरल्या आहेत आणि ही यंत्रणा कशी चालायची ते त्यात उघडं दिसतं. १०६६ नंतर नॉर्मन राजांबरोबर ज्यू तिथे आले. कायद्यानं ते थेट राजाचे. 'ज्यू आणि त्यांचं जे काही आहे ते राजाचं' असं त्या काळच्या कायदेग्रंथात स्पष्ट लिहिलेलं आहे. राजा त्यांना संरक्षण द्यायचा आणि वाटेल तेव्हा वाटेल तेवढा कर उकळायचा. लिंकनचा ॲरन हा त्या काळातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. मठांनीसुद्धा त्याच्याकडून कर्जं घेतली होती. तो ११८६ साली वारला आणि दुसऱ्या हेन्रीनं त्याची सगळी मालमत्ता, लोकांकडची येणी धरून, ताब्यात घेतली. वसुलीचं काम इतकं मोठं होतं की त्यासाठी राजाच्या खजिन्यात ॲरनच्या नावाचं वेगळं खातं उघडावं लागलं. म्हणजे कर्ज ज्यूकडून घेतलेलं, पण वसूल करायला दारात उभा राजाचा माणूस.

मग ११९० चं यॉर्क. क्रूसेडचं वारं होतं, आणि दंगा भडकावणाऱ्यांत रिचर्ड मालेबीस याच्यासारखे ज्यूंचे कर्जदार सरदारही होते. १६ मार्चच्या रात्री किल्ल्यातल्या लाकडी बुरुजात अडकलेल्या सुमारे दीडशे ज्यूंपैकी बऱ्याच जणांनी आपल्या कुटुंबीयांना मारून स्वतःचा जीव घेतला. उरलेले अभय मिळेल या आशेनं बाहेर आले, त्यांची कत्तल झाली. त्यानंतर जमाव गेला कॅथीड्रलमध्ये. कर्जरोखे तिथे सुरक्षित म्हणून ठेवलेले होते. जमावानं ते तिथेच, चर्चच्या आत, जाळले.

राजसत्तेनं यातून काय धडा घेतला ते बघा. ११९४ साली हुकूम निघाला की यापुढे प्रत्येक कर्जाची एक प्रत ठरावीक शहरांतल्या सरकारी पेट्यांत ठेवायची. पेटीला अनेक कुलपं, किल्ल्या ज्यू आणि ख्रिस्ती अशा दोघांकडे. ज्यूंचा जीव वाचावा म्हणून ही सोय नव्हती. रोखे जळले तर राजाचं उत्पन्न जळतं, म्हणून होती. व्याजाचा दर पौंडाला आठवड्याला दोन पेनी, म्हणजे वर्षाला शेकडा ४३ च्या वर जायचा. हा आकडा ऐकून आजही माणूस 'बघा, लुटारू' म्हणेल. पण त्यातला मोठा वाटा करापोटी राजाकडे जात होता, आणि उरलेला पैसा उद्या राजा बुडवणार नाही याची हमी कुणीच देत नव्हतं. १२५५ साली तिसऱ्या हेन्रीनं तर इंग्लंडचे समस्त ज्यूच आपल्या भावाकडे गहाण टाकले. गहाण टाकणारा राजा, घेणारा त्याचा भाऊ आणि गहाणातली वस्तू म्हणजे माणसं. तरी इतिहासात व्याजखाऊ म्हणून नाव राहिलं ते त्या माणसांचं.

शेवट ठरलेलाच होता. करांनी पिळून ज्यू समाज निर्धन झाल्यावर राजाला त्यांचा उपयोग उरला नाही. १२७५ साली पहिल्या एडवर्डनं त्यांना व्याजाचा धंदा बंद करायला लावला. त्याच कायद्यानं सात वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला कपड्यांवर पिवळी खूण सक्तीची केली. व्यापार करा, जमीन भाड्यानं घ्या, असं सांगितलं खरं, पण संघांची आणि समाजाची दारं होती तशीच बंद. १२९० साली सगळ्यांना देशाबाहेर काढलं, आणि त्याच सुमारास संसदेनं राजाला मोठा कर मंजूर करून दिला. ज्यू इंग्लंडमध्ये उघडपणे परतले ते १६५६ नंतर. म्हणजे शेक्सपियरच्या प्रेक्षकांनी उघडपणे ज्यू म्हणून राहणारा शेजारी पाहिलेलाच नव्हता. त्यांनी ऐकलेल्या होत्या त्या फक्त गोष्टी.

आणि व्हेनिसमध्ये त्याच काळात प्रत्यक्षात काय होतं? १५१६ साली तिथल्या ज्यूंना एका बेटावर कोंडण्यात आलं. तिथे पूर्वी तोफा ओतण्याचं काम चाले, त्या ओतशाळेवरूनच 'गेटो' शब्द आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. रात्री फाटकं बंद व्हायची आणि पहारेकऱ्यांचा पगार ज्यूंनीच द्यायचा. शहरात राहू द्यायच्या बदल्यात गरिबांसाठी गहाणपेढ्या चालवणं त्यांच्यावर सक्तीचं होतं. नाटक लिहिलं गेलं त्या सुमारास या पेढ्यांवरचा व्याजदर सरकारनं शेकडा ५ वर बांधलेला होता. त्यात खर्चही भागत नसे. तूट भरून काढायला समाजातल्या बाकीच्यांकडून पैसे गोळा करावे लागत. मांसाचा पौंड मागणारा शायलॉक आणि तोट्यातली पेढी चालवणारा हा माणूस यांच्यात साम्य शोधून सापडत नाही.

त्यावर एक आक्षेप

माहिती मोलाची आहे, पण शब्दाचं जगणं इतिहासावर ठरत नाही. आपण कारस्थानी माणसाला 'शकुनीमामा' म्हणतो, कळ लावणाऱ्याला 'नारद' म्हणतो. कुणी गांधार देशाचा अपमान झाला म्हणत नाही. 'शायलॉक' म्हणताना मराठी माणसाच्या मनात ज्यू नसतोच, असतो तो गावातला खासगी सावकार. मग हरकत कशाला?

दुसरं, इतक्या दूरदूरच्या देशांत एकच समज पसरला, त्यात काहीच तथ्य नसेल?

उत्तर

आक्षेप रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

शकुनी हा एक माणूस आहे. त्याच्या वागण्याचं कारण महाभारत त्याच्या जातीत किंवा धर्मात शोधत नाही. शायलॉकचं तसं नाही. नाटकात त्याला नावानं हाक मारण्यापेक्षा 'ज्यू' म्हणूनच जास्त वेळा संबोधलं जातं. न्यायालयाच्या प्रवेशात नायिका पोर्शिया वकिलाच्या वेशात येते आणि विचारते, यातला व्यापारी कोण आणि ज्यू कोण? व्हेनिसचा ड्यूक दोघांना पुढे बोलावतो. ती विचारते, तुझं नाव शायलॉक? तो म्हणतो, शायलॉक हे माझं नाव. एका बाजूला धंद्याचं नाव, दुसऱ्या बाजूला जमातीचं. आणि त्याला शिक्षा काय होते, तर ख्रिस्ती हो. एका नागरिकाच्या जिवावर उठल्याची शिक्षा धर्मांतर ही कशी असू शकते? गुन्हाच जमातीचा मानला असेल तरच. त्याच नाटकात 'आम्हाला टोचलं तर रक्त येत नाही का' हे शायलॉकचं भाषणही आहे, आणि त्यामुळे मोठ्या नटांनी ही भूमिका करुण केली. पण सामान्यनाम झालेल्या 'शायलॉक'मध्ये ते भाषण उतरलं नाही. उतरला तो फक्त सुरा.

आता 'काहीतरी तथ्य असेलच' याबद्दल. मध्ययुगात युरोपभरचा व्याजाचा मोठा धंदा एकूणात ज्यूंच्या हातात नव्हता. मोठ्या रकमा देत ते इटालियन ख्रिस्ती. इंग्लंडचे राजे ज्यूंना घालवण्याआधीपासूनच इटलीतल्या लूकाच्या पेढ्यांकडे जात होते, पुढे फ्लॉरेन्सच्या पेढ्यांकडे गेले. तिसऱ्या एडवर्डनं थकवलेल्या कर्जांचा बार्दी आणि पेरुत्सी या पेढ्या बुडण्यात मोठा हात होता. लंडनची लोंबार्ड स्ट्रीट या इटालियनांच्या नावानं आहे. फ्लॉरेन्सचे पेढीवाले मेडिची ख्रिस्ती, जर्मनीतल्या आउग्सबर्गचे पेढीवाले फुगर ख्रिस्ती. इटालियन कवी दान्तेनं रंगवलेल्या नरकात गळ्यात थैल्या अडकवून तापलेल्या वाळूवर बसलेले व्याजखाऊ आहेत ते फ्लॉरेन्स आणि पादुआचे ख्रिस्ती घराणेदार. पण 'मेडिची' हा शब्द ऐकला की आपल्याला चित्रकला आठवते.

इथे शब्दाच्या अभ्यासकांना उपयोगी पडेल असा एक पुरावा आहे. ११४६ साली क्लेअरव्होच्या मठाचा अधिपती बर्नार्ड एका पत्रात लिहितो की जिथे ज्यू नाहीत तिथे ख्रिस्ती सावकार त्यांच्याहून वाईट 'ज्यूपणा' करतात. 'यूदाइझारे' असं लॅटिन क्रियापदच त्यानं वापरलंय. हेच पत्र ज्यूंवर हल्ले करू नका म्हणूनही सांगतं. म्हणजे ख्रिस्ती सावकार जास्त पिळतात हे डोळ्यांना दिसत होतं, कागदावर लिहिलंही जात होतं, तरी त्या पापाला नाव दिलं गेलं ज्यूंचं. समज खरा असायला लागत नाही, तो बोलीत एकदा बसला की पुरावा उलटा असला तरी टिकतो.

याला धर्मकथेचीही जोड होती. येशूला तीस रुपयांसाठी पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत. लॅटिनमध्ये यूदास आणि यूदायुस, मराठीत यहूदा आणि यहुदी. नावातलं साम्य आपल्या कानालाही ऐकू येतं. चित्रकारांनी त्याच्या हातात थैली दिली, अंगात बरेचदा पिवळा झगा घातला. बाकीचे अकरा शिष्य, पीटर, योहान, सगळे ज्यूच होते. पण त्यांना कुणी ज्यू म्हणून रंगवलं नाही.

जिथे धंद्यांवर बंदी नव्हती तिथे काय झालं, हेही तपासून पाहावं. कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, कोठडीत सापडलेल्या हजारो कागदांत ज्यू रंगारी आहेत, काचकाम करणारे आहेत, रेशीमवाले, वैद्य, कातडी कमावणारे आहेत. येमेनमध्ये ज्यू म्हणजे चांदीकाम करणारा. तिथल्या लोकांच्या बोलण्यातला ज्यू हातोडी घेऊन बसलेला असतो.

एक प्रतिसाद, अलिबागकडून

आमच्याकडे तर ज्यू म्हणजे तेली. शनवार तेली. माझी आजी 'इस्रायली' म्हणायची, काही म्हातारी माणसं 'शनवार तेली' म्हणायची. घाण्यावर तेल गाळायचं, शनवारी बैल जुंपायचा नाही, म्हणून ते नाव. नवगाव, रेवदंडा, चौल, पेण या पट्ट्यात त्यांची वस्ती होती, आणि आडनावंही त्याच गावांची, रेवदंडेकर, चेऊलकर, पेणकर. नटवर्य डेव्हिड हे चेऊलकरच. पुढे मुंबईला गेले ते सुतारकाम, लष्कर, रेल्वे, शिक्षकी, परिचारिकेचं काम यात. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं. ते प्रार्थनास्थळाला 'मशीद' म्हणायचे, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. सणावाराला मराठीत कीर्तनं करणारी ही माणसं. इस्रायलला गेल्यावरही त्यांनी तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं.

मला म्हणायचंय ते एवढंच, की मराठीनं ज्यू माणूस कधी व्याजासाठी ओळखला नव्हता. आपल्या गावात तो तेल घालायला यायचा. ओळखीचा माणूस दाराशी असताना आपण त्याची ओळख लंडनच्या नाटकातून का घ्यावी?

त्यावर

पण ससून? पुण्यातलं ससून रुग्णालय, मुंबईतला ससून डॉक, हे ज्यू श्रीमंतांचेच ना?

उत्तर

हो, पण ते बगदादी ज्यू. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. बगदादच्या सुभेदाराच्या जाचाला कंटाळून त्यांना घर सोडावं लागलं होतं. पैसा मिळवला तो कापसात आणि चीनशी चालणाऱ्या अफूच्या व्यापारात. त्या अफूच्या व्यापारात पारशी होते, गुजराती होते, इंग्रज तर होतेच. त्यावर टीका जरूर करावी, पण ती सगळ्यांवर करावी. शिवाय त्याच बगदादी समाजातली गरीब माणसं ससूनांच्या गिरण्यांत मजुरी करत होती.

व्हॉट्सॲपवर फिरणारी रॉथशिल्ड या ज्यू पेढीवाल्या घराण्याची गोष्टही याच जातीची आहे. वॉटर्लूची लढाई पाहून नेथन रॉथशिल्ड वादळात खाडी ओलांडून लंडनला आला आणि बातमी दाबून शेअर बाजारात करोडो कमावले, अशी ती गोष्ट. तो वॉटर्लूला गेलाच नव्हता, लंडनमध्येच होता. ही कथा १८४६ साली पॅरिसमध्ये 'सैतान' या टोपणनावानं निघालेल्या एका चोपड्यातून पसरली, नेथनच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. १९४० साली नाझींनी तिच्यावर सिनेमा काढला. हे एक घराणं डोळ्यांसमोर ठेवणाऱ्यांना त्याच शतकात रशियाच्या ठरवून दिलेल्या पट्ट्यात कोंडलेले, शिवणकाम आणि फेरी करून कसंबसं जगणारे लाखो ज्यू दिसत नाहीत.

प्रश्नकर्त्याकडून

पटलं. मथळ्यातून 'शायलॉक' काढायला लेखकही तयार झालेत. आता ते 'पठाणी सावकार' घाला म्हणताहेत.

उत्तर

नको. दुखणं तेच आहे. पठाण, काबुली, मारवाडी ही नावं आपल्या भाषेत व्याजाला चिकटली ती कशी, हे दख्खनच्या दंग्यांवरून कळतं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. राग खरा होता. पण सरकारला शेतसारा रोखीत हवा होता, तोही वाढवलेला, आणि तो भरायला शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जात होता. सारा घेणारा अधिकारी लांब होता, व्याज घेणारा समोर. हल्ले मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर झाले. गावातलेच असलेले स्थानिक सावकार बहुतेक सुटले. यॉर्क इतकं रक्त इथे सांडलं नाही, पण राग वळला तो तसाच, बाहेरचा दिसणाऱ्याकडे.

मराठीत विखारासाठी शब्दांची वाण नाही. 'सावकारी पाश' जुना आणि धारदार आहे. 'व्याजखाऊ', 'रक्तपिपासू सावकार', 'दामदुपटीचे धनी' यांतलं काहीही चालेल. लेखात बेकायदा सावकारी असेल तर 'बिनपरवाना सावकार' हा शब्द मला सर्वांत चांगला वाटतो. महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आहे, परवान्याशिवाय सावकारी हा त्यात गुन्हा आहे. वाचकाला मथळ्यातूनच कळेल की हा गुन्हा आहे. तक्रार करायची ती जिल्हा उपनिबंधकाकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे.

आणि लेखात शेक्सपियरचा उल्लेख ठेवायचाच असेल तर 'शायलॉक' नाटकातलं पात्र म्हणून येऊ द्या, विशेषनाम म्हणून, एकवचनात. 'शायलॉक' असं अनेकवचन केलं की तो माणूस राहत नाही, जमात होते.